बॅटरीवरचं कुंकू

१

किल्ली फिरवली की नुसतं टक् व्हायचं. इंजिन जागचं हलायचंसुद्धा नाही.

विष्णूने पुन्हा फिरवली. टक्. मागे चिवड्याचे आणि शंकरपाळ्यांचे डबे रचून, वर दोरी आवळून झाली होती. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसमधून फराळ कुठवर आला म्हणून फोनही येऊन गेला होता. अंगणातल्या बायका हातातल्या पाऱ्या आणि सोरे तसेच टाकून गाडीभोवती जमल्या.

घर नोएडातलं, बळवंतराव आणि अरुणाताईंचं. बळवंतराव केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि नवराबायकोंनी फराळाचा उद्योग काढला. मेट्रो तेव्हा नोएडापर्यंत पोचायची होती. मालाची सगळी ने-आण लिलावात घेतलेल्या एका जुन्या, पेट्रोलवरच्या पिकअपवर चाले आणि तो पिकअप विष्णू चालवी. दसरा उलटला की ओळखीच्या पाच-सहा जणी इथे येऊन फराळाला बसत. त्यांतल्या एक कुमुदताई. आर. के. पुरमहून त्यांना बसने सोबत करायची म्हणून त्यांचे यजमान श्रीरंगरावही येत, आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत रहस्यकथा वाचत.

श्रीरंगराव एका मंत्रालयात अनुवादक होते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं या भाषेतून त्या भाषेत नेऊन ठेवली. स्वतःचं एखादं वाक्य चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडायची.

शेजाऱ्यांची मोटार आणून बोनेटला बोनेट लावलं. विष्णूने तिच्या बॅटरीतून या बॅटरीला दोन्ही तारा जोडल्या. टक्. मग कोपऱ्यावरचा इक्बाल मिस्त्री आला. त्याने लाल चिमटा बॅटरीवर ठेवला. काळा चिमटा नीट बसेना, तेव्हा तो इंजिनाच्या लोखंडी कडीत अडकवला, आणि पहिल्याच फटक्याला इंजिन धडधडून उठलं.

"बैठ गई है बॅटरी," इक्बाल हात पुसत म्हणाला. "पुरानी होगी."

"पुरानी?" बळवंतराव कडाडले. "ऐन नवरात्रात नवी घातलीय यार! खंडेनवमीच्या पूजेला कोरी करकरीत होती!"

सगळे बोनेटखाली वाकले. श्रीरंगरावही वाकले, आणि त्यांना काहीतरी दिसलं. किंवा दिसायला हवं होतं ते दिसलं नाही. ते इतके हरखले की घशाची कोरड विसरले.

"वहिनी, पूजेच्या वेळी बॅटरीला हळदकुंकू लावलं होतंत?"

"लावलं म्हणजे काय भावोजी! रेडिएटरला, इंजिनाला, स्टिअरिंगला. आणि नव्या बॅटरीला तर सगळ्यांच्या आधी."

"मग बघा. रेडिएटरवर कुंकू आहे. इंजिनाच्या झाकणावर आहे. बॅटरीवर कुठाय?"

बॅटरीच्या काळ्या पाठीवर लाल रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. कडेला पिवळट डागांचा राप होता, तो तर कुठल्याही बॅटरीवर असतो.

"म्हणजे," श्रीरंगराव म्हणाले, "ही पूजेतली बॅटरी नाहीच. कुणीतरी नवी काढून जुनी बसवलीय."

 फराळाला बसणाऱ्यांतल्या सुमित्राबाई गालावर हात ठेवून म्हणाल्या, "अगबाई! काय डोकं आहे हो! कुमुद, हे घरी असेच असतात का गं?" कुमुदताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. असं त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

बॅटरी बळवंतरावांनी दोन पैसे वाचवायला बिलाशिवाय घेतली होती, त्यामुळे नंबर ताडून बघायची सोय नव्हती. त्याची गरजही कुणाला वाटली नाही. सगळ्यांच्या नजरा एकेक करून विष्णूकडे वळल्या. गाडीची किल्ली दिवसभर त्याच्याच खिशात असे.

"मी नाही बदलली साहेब," विष्णू म्हणाला. मूळचा बुलंदशहरकडचा, पण इतकी वर्षं या घरात काढून मोडकंतोडकं मराठी बोलायचा. "आई की कसम. मी कशाला?"

"चोर कधी हो म्हणतो का?" सुमित्राबाई म्हणाल्या.

बळवंतरावांनी हात पुढे केला. विष्णूने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. फाटकापाशी जाऊन तो वळला. त्याने बळवंतरावांकडे पाहिलं नाही, श्रीरंगरावांकडे पाहिलं.

"आप पढ़े-लिखे हैं बाबूजी. सोच के ही बोले होंगे."

२

पुढचे काही दिवस श्रीरंगरावांचे फार छान गेले. मराठी मंडळाच्या वाचनालयात दोघातिघांनी त्यांना थांबवून बॅटरीची हकीगत विचारली. त्यांनी ती सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना ती थोडी रंगवलीही. घरी आल्यावर मात्र विष्णूचं ते वाक्य आठवे, आणि पुस्तकाचं तेच पान पुन्हा वाचावं लागे.

एका सकाळी फोन वाजला. बळवंतराव होते.

"श्रीरंग, परत तीच रड. काल निघाली, आज ढिम्म."

"पण तू तर दुसरी नवी बॅटरी घातलीस ना?"

"घातली! बिलासकट घातली. किल्ली माझ्या खिशात, गाडी माझ्या फाटकात. जाता जाता काहीतरी करून गेलाय तो विष्णू. तू ये. तुझ्याशिवाय कुणाला सापडायचं नाही."

श्रीरंगराव गेले. वाटेत बसमध्ये त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. विष्णू गेला, बदलून बसवली म्हणायची ती जुनी बॅटरीही गेली, आणि आजार मात्र गाडीतच राहिला, हे त्यांना पटत नव्हतं.

बळवंतरावांनी किल्ली फिरवून दाखवली. टक्. श्रीरंगरावांनी सहज म्हणून पुढचे दिवे लावायला सांगितले. दिवे लख्ख लागले. "आता किल्ली फिरव." टक्. दिवे तसेच लख्ख राहिले, जरासुद्धा मंदावले नाहीत. बॅटरी दुबळी असती तर मंदावायला हवे होते, एवढं त्यांनी कुठेतरी वाचलेलं होतं.

मग त्यांनी बोनेट उघडायला लावलं.

"वहिनी, या दुसऱ्या बॅटरीलाही हळदकुंकू लावलं होतंत का?"

"लावलं ना. म्हटलं, पहिलीला दृष्ट लागली, हिला तरी लागू नये."

"नक्की?"

"भावोजी, हे काय विचारणं! ह्यांच्यासमोर लावलंय मी."

श्रीरंगरावांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. ही बॅटरी बदलायला कुणी आलेलं नव्हतं, येणं शक्यही नव्हतं. तरी हिच्यावरही लाल असं काहीच नव्हतं. तिथे शेजारी शेजारी बोटाच्या पेराएवढे दोन ठिपके होते, आणि दोन्ही पिवळे होते.

३

"कुमुद, आपल्याकडचं कुंकू आणि अरुणावहिनींचं कुंकू एकच का?"

"एकच. कोल्हापूरहून आमची मैत्रीण वीणा आणते ना, ते. हळदीचं. बाजारातल्या रंगाने कपाळाला खाज सुटते म्हणून आम्ही दोघी तेच वापरतो. का हो?"

श्रीरंगरावांनी कुंकवाचा करंडा उघडला. त्यांनी स्टीलच्या ताटलीत चिमूटभर कुंकू घेतलं आणि अर्धं लिंबू त्यावर पिळलं. कुमुदताई रागावणार होत्या, कुंकवाची ही काय थट्टा म्हणून. पण त्याही बघत राहिल्या. रसाचा थेंब पडला तिथला लाल रंग ओसरत गेला आणि खालून निव्वळ हळद उघडी पडली.

"हळदीला चुना लावून लाल करतात," श्रीरंगराव म्हणाले. "आंबट काही लागलं की चुना मरतो, आणि ती पुन्हा हळद होते. बॅटरीत तर तेजाबच असतं. त्याची वाफ दिवसरात्र वर येते. रेडिएटरवर ती कशी पोचणार? म्हणून तिथलं कुंकू राहिलं."

"म्हणजे ती पहिली बॅटरी..."

"तीच होती. अरुणावहिनींनी पूजलेली. कुणीही बदललेली नव्हती."

कुमुदताईंनी ताटली उचलली, नळाखाली धरली आणि बराच वेळ घासत राहिल्या. त्यांची पाठ श्रीरंगरावांकडे होती. वळल्या तेव्हा म्हणाल्या, "त्या पहिल्या बॅटरीवरचे पिवळे डाग तुम्हाला त्या दिवशी दिसले नव्हते?"

दिसले होते. म्हणून तर कान तापले. दिसले होते, आणि ते बाजूला सारून त्यांनी टाळ्या घेतल्या होत्या.

"आता सांगा त्यांना."

"सांगतो. पण गाडी का बिघडली ते कळल्याशिवाय बळवंत ऐकायचा नाही. तो म्हणेल, बॅटरी नाही तर दुसरं काहीतरी विष्णूनेच केलं."

हे खरं होतं. सांगायची वेळ तेवढीच पुढे जात होती, हेही खरं होतं, आणि श्रीरंगरावांना दोन्ही माहीत होतं.

४

किल्ली आणखी एकाच्या हातात जात असे. जयंत हा बळवंतरावांचा पुतण्या. नोएडातल्याच एका कारखान्यात हिशेबनीस होता, काकांकडेच राहायचा, आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांचं सामानसुमान हलवायला पिकअप मागून न्यायचा. श्रीरंगरावांनी त्याला घराबाहेर गाठलं. चौकशी कशी सुरू करतात ते त्यांनी पुष्कळ वाचलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "तुझ्या बोटाला काय झालंय रे?"

जयंतच्या उजव्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर भाजल्याचे वाळलेले, सोलवटलेले डाग होते. त्याने हात पटकन खिशात घातला.

"इस्त्री लागली काका."

"दोन बोटांना, आतल्या बाजूने? इस्त्री कुणी चिमटीत धरत नाही जयंत. चिमटीत धरून ओढायची गोष्ट म्हणजे थंड इंजिन सुरू करताना ओढतात तो गाडीचा चोक."

जयंतचा चेहरा उतरला. त्याने घराकडे एकदा वळून पाहिलं.

"काकांना सांगणार नाही ना तुम्ही?"

"काय सांगायचं नाही?"

"मी खंडेनवमीला गाडी काढली होती. दुपारी पूजा झाली, सगळे जेवून झोपले, तेव्हा. मित्राला फ्रिज हलवायचा होता यार, त्याला कसं सांगू की आज आमचं हत्यार विश्रांती घेतंय? हसला असता तो. आपल्याकडे त्या दिवशी पूजेतल्या वस्तूला हात लावत नाहीत, काकांना कळलं असतं तर घरातून काढलं असतं."

"आणि ती सुरू झाली नाही."

"पहिल्यांदा नाही. टक् टक् करत राहिली. मी चोक ओढून धरला आणि सेल्फ मारत बसलो. तेवढ्यात चोकची मूठ इतकी तापली की कातडं चिकटलं. जळका वासही आला. मग कशीबशी झाली सुरू."

श्रीरंगराव छत्रीवर रेलून उभे राहिले. खंडेनवमीच्या दुपारी! विष्णू तेव्हा नोएडातच नव्हता. गाडीला विश्रांती म्हणून त्यालाही सुट्टी होती, आदल्या दिवशीच तो गावी रामलीलेला गेला होता आणि दसरा झाल्यावर परतला होता. त्याच्या हाती गाडी आली तेव्हा ती आधीच बिघडलेली होती.

"जयंत, विष्णूला काढलं तेव्हा तू अंगणात होतास."

"होतो."

"मग हे बोलला का नाहीस?"

जयंतने खिशातला हात बाहेर काढला. मग म्हणाला, "तुम्ही इतकं पक्कं सांगितलंत काका. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

श्रीरंगरावांनी छत्री बाजूला ठेवली. ते शेजारच्या कट्ट्यावर टेकले. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

"आदल्या दिवशी गाडी नीट होती?"

"बिल्कुल. एका फटक्यात सुरू व्हायची."

म्हणजे जे झालं ते खंडेनवमीच्या सकाळी झालं. आणि त्या सकाळी गाडीजवळ घरच्या माणसांखेरीज कुणीही नव्हतं.

५

"त्या सकाळी?" अरुणाताई कढईतून नजर न काढता म्हणाल्या. "त्या सकाळी गाडीला ह्यांनी मलासुद्धा शिवू दिलं नाही. ह्यांच्या घरची रीत. वर्षभर ज्याच्या जिवावर भाकरी खाल्ली ते अवजार त्या दिवशी मालकाने स्वतःच्या हाताने घासायचं. नोकराने नाही, बायकोने नाही. अंगावर जुना लेंगा चढवून अख्खी सकाळ गाडीखाली होते. बाहेर आले ते कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे. मी म्हटलं, आता तुमचीच पूजा करते."

श्रीरंगराव अंगणात गेले. बळवंतराव गाडीपाशी उभे होते.

"बळवंत, खंडेनवमीला गाडी घासलीस, आणखी काय केलंस?"

"काय नाही केलं ते विचार." बळवंतराव खुलले. "खालचा सगळा गंज खरवडला. काळ्या रंगाचे दोन हात दिले. ये, दाखवतो. शोरूममध्ये अशी मिळणार नाही."

दोघे म्हातारे जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आडवे झाले. गाडीचं पोट खरंच आरशासारखं काळं लखलखत होतं. इंजिनापासून सांगाड्यापर्यंत मनगटी पट्ट्याएवढी, तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी गेली होती. तीही काळी होती.

"ही पट्टी?"

"गंजून गेली होती रे. दोन्ही टोकांचे नट काढून सोडवली, खालची जागा रंगवली, पट्टी रंगवली आणि वाळू न देता परत आवळली. म्हटलं, राहायला नको काही."

श्रीरंगराव पाठीवर पडून त्या पट्टीकडे बघत राहिले. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि तेही गाडीच्या पोटाकडे बघतच. तोंडासमोर माणूस नसला की त्यांना बोलता येत असे.

"बॅटरीची एक तार इंजिनाला जाते आणि दुसरी सांगाड्याला. वीज इंजिनात गेली की परत यायला तिला ही पट्टी लागते. तू मध्ये रंगाचे थर घातलेस. दिव्यांना ही वाट लागत नाही, म्हणून ते लख्ख राहिले. विष्णूने तारा बॅटरीला लावल्या तेव्हा वाट बंदच होती. इक्बालने काळा चिमटा थेट इंजिनाला लावला, त्याला स्वतःला कळलं नाही, पण नवी वाट मिळाली. चिमटा काढला की पुन्हा तेच. पहिल्या दिवशी रंग ओला होता, तेव्हा थोडी वीज पट्टीतून आली आणि थोडी मिळेल त्या वाटेने, इंजिनापासून आत मुठीपर्यंत येणाऱ्या चोकच्या तारेतून. एवढीशी तार ती, तापून लाल होणारच. त्यात जयंतची बोटं भाजली."

"जयंतची? कधी?"

"ते तो सांगेल. रंग जसजसा वाळत गेला तसतशी गाडी अडत गेली. बॅटरी कुणी बदलली नाही. कुंकू तेजाबाने पिवळं पडलं."

 बळवंतरावांनी कानस आणि पाना मागवला. पट्टी सोडवून दोन्ही टोकं आणि खालचं लोखंड पांढरं दिसेपर्यंत घासलं आणि नट पुन्हा आवळले. मग उठून, लेंग्याची धूळ न झटकता, किल्ली फिरवली.

गाडी एका फटक्यात सुरू झाली.

अंगणातल्या बायकांनी आनंदाने माना वर केल्या. बळवंतरावांनी मात्र लगेच इंजिन बंद केलं. ते सुरू झाल्याचा आवाज त्या दोघांनाही ऐकवत नव्हता.

६

"हे बघ श्रीरंग," बळवंतराव खोलीचं दार लावून म्हणाले. "विष्णूला परत बोलावू. पगार वाढवून देऊ. बायकांना सांगू, दुकानदाराने फसवलं होतं, बॅटरीच तसली निघाली. दुकानदार काही इथे येत नाही. तुझंही नाव राहील, माझंही राहील. जयंतने कबूल केलंय मला, तोही वाचेल."

श्रीरंगरावांना हे आवडलं. लाज वाटण्याइतकं आवडलं. कुणासमोर उभं राहायचं नाही, तोंड उघडायचं नाही. ते "अच्छा" म्हणाले आणि विष्णूला शोधायला एकटेच निघाले.

तो जवळच्याच हरौला गावात एका खोलीत राहायचा. श्रीरंगराव पोचले तेव्हा दारात बसून बुटांची नाडी बांधत होता. एका गोदामात पोती उचलायला जायला लागला होता.

"गाडी नहीं मिली?" श्रीरंगरावांनी विचारलं.

"गाडी देताना लोक विचारतात ना बाबूजी, पहिली का सोडली." त्याने दुसरा बूट घेतला. "दोन ठिकाणी हो म्हणाले होते. नंतर नाही म्हणाले. मराठी लोग सब एक-दूसरे को जानते हैं."

वाचनालयात रंगवून सांगितलेली गोष्ट कुठवर गेली ते श्रीरंगरावांना तेव्हा समजलं. दुकानदाराची कथा ते तोंडात घोळवतच आले होते. ती बाहेर आली नाही. त्यांनी खरं काय ते सांगितलं. कुंकू, लिंबू, रंग, पट्टी. विष्णू ऐकत राहिला. मध्ये एकदा त्याने विचारलं, "लिंबाने पिवळं होतं?" आणि मान हलवली.

"बळवंतराव परत बोलावतायत. पगारही वाढवणार आहेत. हवं तर मी तुला लिहून देतो, कुणालाही दाखवता येईल."

"चिठ्ठी नको."

"मग काय करू सांग."

विष्णू उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही.

"जिथे बोललात तिथे बोला. सब के सामने. मी फाटकाशी उभा राहीन."

७

दुसऱ्या दिवशी फराळाला सगळ्या जणी होत्या. सुमित्राबाई तेवढ्या आल्या नव्हत्या. सोऱ्यांची करकर आणि गप्पा चालू होत्या. विष्णू फाटकाबाहेर उभा होता. त्याने आत पाऊल टाकलं नव्हतं. बळवंतरावांना सकाळीच सगळं सांगून झालं होतं. त्यांनी डोकं धरलं होतं, पण नाही म्हटलं नव्हतं.

श्रीरंगराव अंगणाच्या मधोमध गेले. "जरा ऐकता का," ते म्हणाले. कुणी ऐकलं नाही. ते पुन्हा म्हणाले. वृंदा नावाची एक तरुण बाई "काका, चहा हवाय का?" म्हणून उठायला लागली.

कुमुदताईंनी झारा कढईच्या काठावर आपटला. "गप्प बसा गं जरा. ह्यांना बोलायचंय."

सगळं शांत झालं.  श्रीरंगरावांनी हात पाठीमागे नेऊन एकमेकांत धरले.

"त्या दिवशी बॅटरीबद्दल जे बोललं गेलं," ते म्हणाले, "ते बरोबर नव्हतं. कुंकू बॅटरीतल्या तेजाबाने पिवळं पडतं, हे लक्षात घेतलं गेलं नाही. बिघाड दुसरीकडेच होता. त्यामुळे विष्णूबद्दल थोडा गैरसमज झाला."

 मग बळवंतराव पायरीवरून म्हणाले, "पट्टी मी रंगवली होती. गाडी मी बिघडवली." आणि पाठोपाठ जयंत, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मी बोललो नाही." अरुणाताईंनी पदर तोंडाला लावला.

"होतं हो असं," वृंदा हळूच म्हणाली. "चूक कुणाची होत नाही?"

श्रीरंगरावांना सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी फाटकाकडे पाहिलं. विष्णू होता तिथेच होता. बळवंतरावांनी किल्ली पुढे केली, तरी त्याने हात पुढे केला नाही.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि डबा सांभाळत सुमित्राबाई उतरल्या. फाटकात विष्णूला बघून त्यांनी डबा छातीशी धरला.

"हा इथे काय करतोय? आणि तुम्ही सगळ्या अशा गप्प का? काय झालं?"

 बायकांनी माना खाली घातल्या. वृंदाने पारी उगाचच पुन्हा लाटायला घेतली.

"बाबूजी सांगतील," विष्णू म्हणाला.

श्रीरंगरावांनी कुमुदताईंकडे पाहिलं. त्यांनी नजर काढून घेतली नाही, मदतीला झाराही उचलला नाही. मघाशी आपण काय काय बोललो ते श्रीरंगरावांना एकेक शब्दासकट आठवलं. बोललं गेलं. लक्षात घेतलं गेलं नाही. थोडा गैरसमज. अशी वाक्यं त्यांनी मंत्रालयात हजारो लिहिली होती. त्यांत माणूस कुठेच नसे.

घसा कोरडा पडला होता. तरी ते सुमित्राबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"मी विष्णूला चोर ठरवलं," ते म्हणाले. "माझ्याकडे पुरावा नव्हता. तुम्ही सगळ्या माझ्याकडे बघत होतात, आणि मला ते फार आवडलं होतं."